आधी कुणाला हाक मारायची

मोरेश्वर, डबा वाजला नाही.

तू गेल्यावर तुला सांगायची पहिली बातमी ही अशी निघाली. मुरब्याच्या खाडीत भरती चढलेली, भर दुपार, आणि तुझ्या धाकट्या भावाच्या, जयेशच्या, होडीत मी डबा मांडीवर घेऊन बसलेले. समोरून त्याचा जोडीदार दुसरी होडी घेऊन थेट आमच्या अंगावर येत होता. त्याच्या होडीवर आपण तो ट्रान्समीटर लावला होता, जो मोठ्या जहाजासारखा सिग्नल फेकतो. तो आधी ठिपका होता, मग माणूस झाला, मग त्याच्या बनियनची भोकं दिसायला लागली. डब्याचा हिरवा दिवा मात्र आपला मजेत जळतोय. पडद्यावर लिहून आलं की जहाज लांब आहे, काळजी नको. जोडीदाराने शेवटच्या क्षणी सुकाणू मारलं नसतं तर मी पाण्यात असते, आणि मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे.

जयेशने इंजीन बंद केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा असताना वाजलेला. त्याच्या मागे तुमी काय केलं याला?"

मी काहीच केलं नव्हतं. तेच तर भीतीचं होतं. तू ज्या कोडवरून डबा वाजवून दाखवला होतास, त्याच कोडवरून, एक अक्षर न बदलता, मी डब्याचा प्रोग्रॅम पुन्हा बांधला होता, म्हणजे बिल्ड केलं होतं. एरर नाही, इशारा नाही. सगळं हिरवंगार.

तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा सांगते, कारण हे चार लोक वाचतील आणि त्यांना आपल्या बोईसरच्या गाळ्यात काय चालतं ते ठाऊक नाही. आपण मच्छीमार बोटींसाठी डबे बनवतो. मोठी जहाजं आपण कुठे आहोत, किती वेगाने चाललो आहोत ते सतत हवेत सांगत असतात. डब्यातला रिसीव्हर ते ऐकतो आणि जहाज जवळ आलं की डबा बोंब मारतो, म्हणजे जाळ्याशेजारी डोळा लागलेला माणूस उठतो. ही कल्पना तुझी. तुझ्या काकांच्या बोटीला एक जहाज घासून गेलं आणि थांबलंसुद्धा नाही, त्यानंतर तू मुंबईची नोकरी सोडून इकडे आलास. साहेबांना तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, "मला मोठा पगार नको. माझ्या गावच्या बोटींवर बसणारी वस्तू माझ्या हातची पाहिजे." साहेब हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. तू कपाळाला हात लावायचास.

त्या डब्याच्या पोटात एक लहानशी कार्यप्रणाली चालते आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल तुझा. वरचा पडदा आणि पडद्यामागचा प्रोग्रॅम माझा. आणि दोघांच्या मध्ये भांडण.

भांडण कशावरून, हे मी घरी बाबांना सांगायचा प्रयत्न केला होता. बाबा वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, त्यांना यंत्राची समज आहे. तरी सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघं शहाणी माणसं वर्षभर एका फाइलच्या पत्त्यावरून भांडताय?" हो बाबा, एका फाइलच्या पत्त्यावरून.

रिसीव्हर जी माहिती पाठवतो ती एका ओळीत येते. कितव्या जागी अंतर, कितव्या जागी वेग, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला आम्ही हेडर म्हणतो. ते तुझ्या कर्नललाही लागतं आणि माझ्या पडद्यालाही. आता आम्ही लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बांधून देतो तो कंपायलर ही मोठी आज्ञाधारक चीज. त्याला फोल्डरांची एक यादी द्यायची. तो यादीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये जातो आणि विचारतो, या नावाचं हेडर आहे का? मिळालं की घेतो आणि कामाला लागतो. पुढे दुसरं त्याच नावाचं कुणी आहे का, ते बघत नाही. पहिल्यात नाही मिळालं तर दुसऱ्यात. आणि यादीतलं एखादं फोल्डर जागेवरच नसेल तर तक्रार करत नाही, निमूट पुढे जातो.

माझं म्हणणं होतं की हेडर एकच असावं. बाहेर सामाईक फोल्डरमध्ये ठेवू, तुझा कर्नल आणि माझा पडदा दोघेही तिथूनच घेतील. दोन प्रती ठेवल्या की एक सुधारली जाते आणि दुसरी कुजते. तुझं म्हणणं होतं की कर्नलने स्वतःच्या फोल्डरबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि हेडर मागताना नुसतं नाव नाही, कुठल्या फोल्डरमधलं तेही लावून मागायचं.

"बाय," तू म्हणायचास. मी तुझ्याहून वयाने मोठी, तरी बाय. "आमच्या आळीत जगदीश चार हायत. नुसतं जगदीश म्हणून हाक मारली तर दाराशी जो उभा असंल तो ओ देतो. हवा असतो एक, येतो दुसरा. म्हणून आमी बोटीचं नाव लावून हाक मारतो. तसं."

"मग तीन जगदीशांची नावं बदला ना. एकच ठेवा."

"माणसं काय फाइली हायत, नाव बदलायला?"

"फाइली तरी फाइली आहेत ना? त्या बदल की!"

यावर तू हसायचास आणि हट्ट सोडायचा नाहीस. मी चिडले की माझी खानदेशी जीभ सुटते. तू चिडलास की आवाज खाली उतरतो, आणि तो जास्त लागतो. एकदा साहेबांनी मध्ये पडून "अरे, फिफ्टी-फिफ्टी करा" म्हटलं तर आपण दोघांनी मिळून त्यांना असं काही समजावलं की ते पुन्हा आपल्या खोलीकडे फिरकले नाहीत. जेवायला मात्र एकाच टेबलावर. वाणगावच्या मिरच्यांचा माझा ठेचा आणि तुझ्या घरचं सुकट. तोंड भाजलं की तू म्हणायचास, "वाद तिखट नाय, तुझा ठेचा तिखट हाय."

एकदा मात्र तू खरोखर घाबरवलंस मला. मी म्हटलं होतं, बाहेरचं फोल्डर एखाद्याच्या मशीनवर नसेल तर काय एवढं आभाळ कोसळणार आहे? तू हातातला घास खाली ठेवलास. "ज्या घरात कोण नाय, त्या घराला हाक मारून कंपायलर थांबत नाय, बाय. पुढच्या दाराला जातो. तिथं भलताच जगदीश बसलेला असतो. आणि तो ओ देतो. एरर आली तर माणूस जागा होतो. ओ आली तर झोपतो."

हे मला खाडीत आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी ओल्या चपलांनी धक्क्यावर उतरले तेव्हा डोक्यात फक्त एक आकडेमोड होती, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला किती दिवस उरले याची. मासेमारी सुरू झाली की बोटी कुणाचं ऐकत नाहीत. बऱ्याच बोटींवर डबे बसवूनही झाले होते, माझ्या बिल्डचे, हिरव्या दिव्याचे. त्यातला एक जयेशच्या बोटीवर.

"बोटी थांबवता येतील?" मी विचारलं.

"कोण थांबणार? दोन महिने चुली कशा चालल्यात बघितलं काय तुमी?" मग तो जरा नरमला. "डबा नाय तर नाय, ताई. आमी डोळं उघडं ठेवून बसू. आजवर बसलोच की. पण डबा हाय म्हणून झोपलो आणि तो गप्प बसला, तर?"

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एखादा पीस खराब निघतो, मॅडम, तेवढा बदलून द्या. मी दुसरा डबा घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच, गुणी आणि गप्प. मी साहेबांना सांगितलं की हे असेच पाठवायचे असतील तर माझ्या सहीने जाणार नाहीत. ते म्हणाले, "मोरेश्वर असता तर असं बोलला नसता." मी म्हटलं, मोरेश्वर असता तर तुमच्या टेबलावर उभा राहून बोलला असता. फोन मी ठेवला की त्यांनी, आठवत नाही.

आता हाराची गोष्ट. तू चिडणार आहेस, पण ऐक.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे तुझ्या टेबलापाशी गोळा झाले. फोटो कुणाकडेच धड नव्हता. तू फोटो काढू द्यायचासच कुठे! मग अकाउंट्सच्या लोकांनी स्टेशनवरून झेंडूचा हार आणला आणि तुझ्या मॉनिटरला घातला. कुणी तरी उदबत्ती लावली, तिची राख तुझ्या कीबोर्डवर. तुझं काळं मशीन, ज्यावर आपले सगळे पक्के बिल्ड व्हायचे, ते बंद करून ठेवलं. गेलेल्या माणसाच्या वस्तूला लगेच हात लावू नये म्हणतात. मीही हात जोडले आणि माझ्या मशीनवर बिल्ड लावलं. सगळ्यांना ते बरोबर वाटलं, मलाही.

खाडीवरून मी तशीच, मिठाने पांढऱ्या पडलेल्या सलवारीत, ऑफिसात आले. कंपायलरला सांगितलं की या वेळी गप्प बसायचं नाही, हेडर शोधताना कुठे कुठे गेलास ते मोठ्याने सांग. पडद्यावर ओळी पडायला लागल्या. आणि सगळ्यात पहिली ओळ होती तुझ्या नावाची.

प्रत्येकाचं मशीनवर स्वतःचं एक खासगी फोल्डर असतं, नावानिशी. कंपायलर सांगत होता की यादीत पहिला पत्ता मोरेश्वरच्या फोल्डरचा आहे. आणि पुढे लिहिलं होतं की हा पत्ता अस्तित्वात नाही, म्हणून सोडून देतो आहे.

मोरेश्वर, तुझ्या अंत्यविधीला मी रडले नव्हते. हर्षलावहिनी, तुझी बायको, रडत होती, तुझी आई रडत होती, माझ्या वाट्याला धीर द्यायचं काम आलं होतं आणि मी ते केलं. त्या ओळीपाशी मात्र मी ओढणी तोंडात कोंबून रडले. तू नाहीस हे मला आजवर इतक्या सपाट शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग राग आला. असा राग की मी उठून तुझ्या रिकाम्या खुर्चीला बोलले. तू! कर्नलने उंबरठा ओलांडायचा नाही म्हणून वर्षभर माझं डोकं खाणारा तू! एका बाहेरच्या पत्त्यावरून माझं कित्येक आठवड्यांचं काम परत पाठवणारा तू! आणि तू स्वतः यादीत सगळ्यांच्या पुढे आपलंच फोल्डर लावून ठेवलंस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही, हा नियमही तुझाच. तोही तूच मोडलास. शेजारी एकच शब्द लिहिलेला होता, "तात्पुरतं". जगातली निम्मी घरं या शब्दावर उभी आहेत आणि निम्मी याच शब्दाने पडतात.

तू समोर असतास तर मी तुला सोडलं नसतं. आणि तू समोर नव्हतास, हाच त्या रागातला सगळ्यात मोठा राग होता.

मी तुझ्या मॉनिटरवरचा हार काढायला हात घातला तेव्हा अकाउंट्समधले दोघं-तिघं धावत आले. "मॅडम, राहू द्या हो, बरं दिसत नाही." साहेबही खोलीतून बाहेर आले. त्यांना कसं समजावू की या हारामुळेच डबा मुका झालाय? मी सरळ हर्षलावहिनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. म्हटलं, वहिनी, त्याच्या मशीनवर हार आहे, मला मशीन चालू करायचंय, त्याचं खासगी फोल्डर उघडायचंय. जयेशच्या बोटीसाठी. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार.

पलीकडून तिचा आवाज आला, बसलेला.

"मशीनला हार कोणी घातला? तो जिता असता तर तोडून खाडीत टाकला असता. चालू करा, ताई. तो मशीन बंद ठेवून झोपायचा नाय."

हार वाळून कडक झाला होता. काढताना त्याचा चुरा पडला आणि मी तो तुझ्या कीबोर्डवरून ओढणीनेच पुसला. मशीन सुरू झालं. तुझ्या फोल्डरमध्ये मी इकडेतिकडे पाहिलं नाही, शपथेवर सांगते. सरळ त्या पत्त्यावर गेले. तिथे ते हेडर होतं, नव्या रिसीव्हरचं.

मग सगळं उलगडलं. नव्या खेपेच्या रिसीव्हरमध्ये अंतराची जागा पुढे सरकली होती. तू ते ओळखून हेडर सुधारलंस आणि तुझ्या फोल्डरमध्ये ठेवलंस. तुझ्या मशीनवर कंपायलर आधी तुझ्या दारात गेला, त्याला नवं हेडर मिळालं, डबा वाजला. माझ्या मशीनवर तुझं फोल्डरच नाही. तो पुढच्या दाराला गेला आणि तिथे त्याच नावाचं जुनं हेडर बसलेलं होतं. त्याने ओ दिली. मग डबा भलत्याच आकड्याला अंतर समजून सांगत बसला, जहाज लांब आहे, झोपा.

भलताच जगदीश, मोरेश्वर. तू सांगितलेला तोच.

आणि त्याच वेळी माझंही खरं झालं होतं. दोन प्रती होत्या, एक सुधारली आणि एक कुजली. वर्षभर आपण एकमेकांना ज्या दोन संकटांची भीती घालत होतो ती दोन्ही हातात हात घालून आली. यात कोण जिंकलं ते मी ठरवू शकले नाही. पहिल्यांदाच असं झालं असेल.

तरीही माझा राग जाईना. तो गेला फाइलची तारीख बघून. ती आपल्या शेवटच्या दिवसाची होती.

तो दिवस मला लख्ख आठवतो. डबा वाजला तेव्हा गाळ्यातले सगळे कान झाकून हसत होते. साहेबांनी जिलेबी मागवली. आणि पाच मिनिटांत आपण पुन्हा भांडत होतो. तू म्हणालास, आता हे हेडर कर्नलच्या आत टाकतो. ते सुधारलेलं आहे हे तू बोलला नाहीस, मी विचारलं नाही. मी म्हटलं, खबरदार, आधी जागा ठरू दे, आत टाकलंस की पुन्हा बाहेर निघायचं नाही ते. तू म्हणालास, बाय, किल्ली माझ्याकडे हाय. मी म्हटलं, असेल किल्ली, माझं हो नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. चेहरा उतरलेला होता, मला वाटलं रागाने. पाठ भरून आलीय म्हणालास. संध्याकाळी लवकर निघालास, दारातून वळून म्हणालास, "उद्या नीट करू. तोवर तुझ्या मनासारखं." आणि मुरब्याच्या रस्त्याला लागलास. त्याच रात्री तुझं हृदय थांबलं.

तोवर तुझ्या मनासारखं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. कर्नलमध्ये काय जाणार आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या तुझा होता. तुला हवं तिथे हेडर टाकायला एक क्षण लागला असता आणि मी दुसऱ्या दिवशी आदळआपट करण्यापलीकडे काही करू शकले नसते. तू टाकलं नाहीस. जागा ठरली नव्हती म्हणून तू ते स्वतःकडे ठेवून घेतलंस. माझं हो येईपर्यंत. आख्ख्या जन्मात तू एकदा नियम मोडलास तो माझा मान राखायला, आणि त्यानेच तुझ्या भावाची बोट धोक्यात आली. यावर हसू की रडू ते मला अजून कळलेलं नाही. आभार मानू की कान धरू, तेही नाही.

नाही, मानतेच आभार. हे जिवंतपणी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "पुरे, बाय, बिल्ड लाव."

मग लावलं. जागा मी ठरवली, दोघांच्या वतीने. हेडर एकच ठेवलं, माझ्या म्हणण्याप्रमाणे. जुनं काढून फेकलं. नवं ठेवलं कर्नलच्या आत आणि मागताना फोल्डरचं नाव लावून मागायचं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. माझा पडदा आता तुझ्या दारात येऊन हेडर नेतो, मान खाली घालून. इतकं सरळ होतं ते. आपल्याला वर्षभर सुचलं नाही, कारण आपण उत्तर शोधतच नव्हतो, भांडत होतो. आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं.

राहिली एकच ओळ, यादीतली पहिली, तुझ्या फोल्डरची. तिचं आता काही काम नव्हतं. काढायलाच हवी होती. तुझाच नियम. पण माझं बोट त्या ओळीवर येऊन थांबलं ते थांबलंच. त्या गाळ्यात तुझी खुर्ची उद्या कुणाला तरी देतील, टेबल पुसतील. आपल्या कामात तुझं नाव जिवंत धडधडत होतं ते या एका जागी. प्रत्येक बिल्डला कंपायलर आधी तुझ्याकडे जात होता. ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. आणि पुढे कधी तरी कुणाच्या तरी मशीनवर त्याच नावाचं काहीतरी निघालं असतं आणि पुन्हा एक डबा गप्प बसला असता.

तू वाद जिंकावास म्हणून मला तुझंच नाव पुसावं लागत होतं. मी ते पुसलं. रडत नव्हते, दात आवळले होते.

दोन्ही मशीनवर बिल्ड लावलं, तुझ्या आणि माझ्या. तू नेहमी मागायचास तसं, दोन्हीकडून निघालेलं शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं. मग मुरबे. बसवलेले डबे उतरवून पुन्हा भरले, धक्क्यावर, ताडपत्रीखाली, वहिनीने पाठवलेला चहा घेत. शेवटी जयेशची होडी पुन्हा खाडीत. मी पुन्हा आत, डबा मांडीवर. जोडीदार पुन्हा ठिपका झाला, मग माणूस व्हायला लागला. जयेश सुकाणू धरून नुसता डब्याकडे बघत होता.

वाजला. असा बोंबलला की धक्क्यावरची कुत्री भुंकायला लागली आणि सातपाटीच्या बाजूला जाळं विणत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. जोडीदार अजून चांगला लांब होता. जयेश ओरडला, "बस! बस! बंद करा!" मी बंद केल्यावर त्याने इंजीन सुरू करून होडी वळवली. किनारा जवळ आल्यावर विचारलं, "ताई, दादाचं काय ऱ्हायलंय काय याच्यात?"

मी म्हटलं, कर्नल सगळा त्याचाच आहे. फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता काढला. तो नाही ना आता तिथे.

त्याने होडी धक्क्याला लावली. "बरोबर हाय," म्हणाला. "नसलेल्याला हाक मारू नये समुद्रात. माणूस फसतो."

बंदी उठली. बोटी गेल्या. जयेशची पहिल्या फेरीवरून परत आली, पापलेट बरं मिळालं म्हणे. त्याने मला पाठवलं. बाबांनी शेजारणीला देऊन टाकलं. आमच्या घरी शिजत नाही, हे जयेश विसरला. तू असतास तर त्याला आठवण करून दिली असतीस.

अजून एक केलंय. कंपायलरला एक सोय असते, यादीतलं फोल्डर जागेवर नसेल तर निमूट पुढे जायचं नाही, बिल्ड थांबवायचं आणि ओरडायचं. ती मी चालू केली. आता कुणाचं दार बंद असलं तर गाळ्यात सगळ्यांना कळेल. माणसांना मात्र ही सोय नाही. तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी गाळा सुरू झाला, बिल्ड झालं, हिरवा दिवा लागला, कुणाला काही कमी पडलं असं दिसलं नाही.

माझी यादी आहे तशीच आहे, मोरेश्वर. काही अडलं की मी खुर्ची अर्धी वळवते आणि तोंडातून आधी तुझंच नाव निघतं. तिथे कुणी नसतं. मग मी पुढे जाते, निमूट. म्हणून हे एकदा ओरडून घेतलं.